पकडा, सोडा आणि लिहून ठेवा

एखादा माणूस नदीवर जातो. दिवसाचे सणसणीत पैसे मोजून बरोबर एक वाटाड्या घेतो. सकाळपासून तिन्हीसांजेपर्यंत पाण्यात उभा राहून एक मासा गळाला लावतो, मोठ्या कष्टाने तो हाताशी आणतो, दोन क्षण न्याहाळतो आणि पुन्हा पाण्यात सोडून देतो. घरी येतो तो रिकाम्या हाताने. हा उद्योग मंडईजवळच्या कोणत्याही कट्ट्यावर सांगून पाहा. "मग गेला होता कशाला?" हा प्रश्न आल्याशिवाय राहणार नाही. मासे खाणाऱ्याला ही गोष्ट पटत नाही, कारण हातचा मासा गेला. न खाणाऱ्याला पटत नाही, कारण मुक्या जिवाला उगाच टोचले. शाकाहारी आणि मत्स्याहारी यांचे एकमत व्हावे असे प्रश्न आपल्याकडे फार थोडे. त्यांतला हा एक.

छंदांविषयी लिहिताना आम्ही सहसा ज्याचा छंद त्याला लखलाभ म्हणून पुढे जातो. या छंदापाशी मात्र थांबावे लागले, कारण त्यात पुण्याच्या नदीचा एक मासा गुंतलेला आहे. आणि त्या माशाने, स्वतःचा काडीचाही अपराध नसताना, दूर कर्नाटकात एक अनर्थ घडवून आणला आहे. तो उजेडात आला तोही या रिकाम्या हाताने घरी येणाऱ्या मंडळींमुळेच.

आधी हे प्रकरण आहे तरी काय ते पाहू. साधा गळ आपण सर्वांनी पाहिलेला असतो. काठी, दोरी, दोरीच्या टोकाला शिशाचा गोळा, आकडा आणि आकड्याला गांडूळ. फेकताना वजन असते ते गोळ्याला. दोरी बिचारी त्याच्यामागून फरफटत जाते. माशीच्या गळात हे सारे उलटे. आकड्यावर आमिष नसते. पिसे, केस आणि रेशमी दोरा गुंडाळून केलेली एक खोटी माशी असते. (साहेबही तिला माशीच म्हणतो. माशीने मासा धरण्याची कोटी मराठीत आपोआप होते, तिचे श्रेय आम्हाला नको.) या माशीला वजन जवळजवळ नसतेच, म्हणून ते दोरीत ठेवलेले असते. लवचिक काठी मागेपुढे हलवली की जड दोरीचे वेटोळे हवेत उलगडत जाते आणि टोकाची माशी अलगद पाण्यावर उतरते. धोंडा फेकणे आणि आसूड उडवणे यांत जो फरक, तोच या दोन तऱ्हांत.

हलके सामान ही आणखी एक हौस. दोरी मुद्दाम बारीक घ्यायची. मासा दोरीपेक्षा बळकट, तेव्हा सरळ ओढायला गेलात की ती तुटलीच. तो पळेल तेव्हा दोरी सोडायची, थांबेल तेव्हा गुंडाळायची, चाकाचा ब्रेक आणि काठीचा बाक एवढ्यावर त्याला दमवायचे. १९३९ साली न्यूयॉर्कला स्थापन झालेली एक आंतरराष्ट्रीय संस्था माशांचे विक्रम नोंदवते, तेही दोरीच्या ताकदीप्रमाणे वेगवेगळे. जाड दोरीवर मामुली ठरणारा मासा बारीक दोरीवर विक्रमी ठरतो.

या छंदाचे सर्वांत नाजूक रूप पाहायला मिळते ते समुद्रातल्या उथळ खाऱ्या पाण्यावर. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाची बेटे, बहामा, मध्य अमेरिकेतले बेलीझ हे त्याचे प्रदेश. गुडघाभर नितळ पाणी, तळाला पांढरी वाळू नाहीतर समुद्री गवत. भरती चढू लागली की बोनफिश नावाचा रुपेरी मासा खेकडे-कोळंबी हुडकत या पाण्यात शिरतो. होडी चपटी, यंत्र बंद. मागच्या बाजूला उंच चौथऱ्यावर वाटाड्या उभा असतो आणि लांब काठीने तळाला रेटा देत होडी सरकवतो. मासा प्रथम दिसतो तो त्यालाच. होडीचे नाक म्हणजे घड्याळातले बारा, असे धरून तो हलक्या आवाजात सांगतो, "दहा वाजता, चाळीस हात, डावीकडे चाललाय." ज्याने पैसे मोजलेले असतात त्याला तिथे फक्त पाणी दिसत असते! काठी पुढे पाडलेली सावली, होडीत आपटलेले पाऊल, डोक्यावर पडलेली माशी, यांपैकी काहीही पुरते. मासा क्षणात दिसेनासा होतो. आमच्या मते या खेळातला खरा खेळाडू वाटाड्याच. पैसे देणारा हा त्याच्या हुकमावर हलणारा हात.

मासा हाताशी आला की पुढचे काम सुटकेचे. हात आधी ओले करायचे, कारण कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच त्याचे रोगांपासून रक्षण करतो. आकड्याला उलटे टोक ठेवायचे नाही, म्हणजे तो सहज निघतो. मासा होता होईतो पाण्याबाहेर काढायचा नाही, आणि स्वतःचा तोल सांभाळू लागेपर्यंत सोडायचाही नाही. हे सोवळे उगाच नाही. फार दमलेला, तोल गेलेला बोनफिश सोडला तर तो शार्कच्या तोंडी पडण्याचा संभव कितीतरी पटींनी वाढतो, असे बहामातल्या अभ्यासात दिसून आले आहे. म्हणजे 'सोडला' म्हणताना खरोखर सोडला की दुसऱ्याच्या ताटात वाढला, हे ज्याचे त्याने पाहायचे.

आपल्या कोकणात खाऱ्या उथळ पाण्याला तोटा नाही. धरमतरपासून तेरेखोलपर्यंत एकामागून एक खाड्या. पण तिथे भरती-ओहोटीचा ओघ जबर आणि गाळ बारीक, त्यामुळे पाणी गढूळ. मासा डोळ्यांना दिसत नाही, तेव्हा डोळ्यांचा खेळ तिथे रुजला नाही. तिथले कसब पाग फेकण्याचे आणि गरीची दोरी बोटावर धरून झटका ओळखण्याचे. मालवणकडे याला 'गरवणे' म्हणतात. आणि गरवणारा माणूस मासा सोडून देण्यासाठी गरवत नाही. घरी कोणीतरी मसाला वाटून बसलेले असते.

हलकी दोरी, वाटाड्या आणि पुन्हा सोडायचा मासा, हे त्रिकूट आपल्या देशात जमले ते गोड्या पाण्यात, महाशीर माशाभोवती. आणि दख्खनच्या महाशिराची कथा सुरू होते ती पुण्यात.

कर्नल विल्यम हेन्री सायक्स हा कंपनी सरकारच्या फौजेतला अधिकारी. १८१७ च्या खडकीच्या लढाईत तो होता. पुढे १८२४ पासून मुंबई सरकारने त्याला दख्खनची पाहणी करण्याच्या कामावर नेमले. शेतसारा, पीकपाणी, पाऊसमान यांची मोजदाद करता करता या गृहस्थाने पक्षी, प्राणी आणि मासेही मोजून टाकले. दख्खनच्या माशांवरचा त्याचा निबंध १८३९ साली लंडनला प्रसिद्ध झाला. त्याने एक चांगली गोष्ट केली. लॅटिन नावे घडवत बसण्याऐवजी पुष्कळ ठिकाणी इथल्या माणसांच्या तोंडची नावेच उचलली. त्यामुळे 'नुक्ता' हे नाव आज जगभरच्या प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत आहे. आपल्या मावळात ज्याला खडशी किंवा खडची म्हणतात तो महाशीर साहेबाच्या कानाला 'खुद्री' असा ऐकू आला आणि तसाच कायम झाला: टॉर खुद्री. मूळ नमुना कुठला, तर पुण्याजवळच्या 'मोटा मोला' नदीतला. ही आपली मुळा-मुठाच. या माशाविषयी जगात कोणीही शास्त्रीय लेखन केले, तर त्याला आमच्या नदीपाशी यावेच लागते.

खडशी दिसायला देखणी. मोठमोठे खवले, जाड ओठ, निळसर पर. जबड्यात दात नाहीत, ते घशात आहेत. शिंपले आणि गोगलगायी तिथे भरडल्या जातात. तिला वाहते, स्वच्छ, प्राणवायूने भरलेले पाणी लागते आणि तळाला गोटे-वाळू लागते. पावसाळ्यात ती प्रवाहाविरुद्ध वर चढते आणि तिथे अंडी घालते. गळाला लागली की पहिली धाव अशी घेते की चाकावरची दोरी संपेल की काय वाटावे. गळ टाकणाऱ्या इंग्रजांनी तिच्या जातभाईंची तुलना आपल्या लाडक्या सामन माशाशी केली, आणि पुष्कळांनी निकाल महाशिराच्या बाजूने दिला.

आपल्या लोकांचा तिच्याशी संबंध निराळ्या प्रकारचा. इंद्रायणीवर देहू-आळंदीला, महाडजवळ वाळणकोंडीला वरदायिनीच्या डोहात, वाडा तालुक्यात वैतरणेवर तिळशाला देवळापाशी हे मासे देवाचे म्हणून राखले गेले. तिथे गळ टाकायचा नाही, चुरमुरे टाकायचे. शास्त्रज्ञांनी अलीकडे या डोहांना आपण होऊन झालेली अभयारण्ये म्हटले आहे. वारकरी त्यांना काहीच म्हणत नव्हता, नुसते चुरमुरे टाकत होता.

१९१५ ते १९२७ या काळात खोपोली, भिवपुरी आणि भिरा येथे टाटांची वीजघरे उभी राहिली. त्यांच्यासाठी वळवण, शिरवटा, ठोकरवाडी, मुळशी अशी धरणे झाली. मुळशीची आठवण सेनापती बापटांच्या सत्याग्रहामुळे पुणेकरांना आहेच. ती माणसांच्या विस्थापनाची. माशांचेही मार्ग त्याच भिंतींनी अडले. खडशी या तलावांत राहिली, पावसाळ्यात भोवतालच्या ओढ्यांत चढून अंडी घालू लागली, पण संख्या घटत चालली.

इथे डॉ. सी. व्ही. कुलकर्णी हे नाव येते. राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्यात आयुष्य काढलेला हा शास्त्रज्ञ. १९७० च्या सुमारास त्यांनी लोणावळ्याला टाटांच्या तलावांवर खडशीची अंडी हातांनी काढून, नराचे शुक्र त्यांत मिसळून, पिले तयार करण्याची रीत बसवली. नदीतला हा अवखळ मासा माणसाच्या हातून वाढू शकतो हे त्यातून दिसले. पुढे ते आणि त्यांचे सहकारी ओगले यांनी आणखी एक युक्ती काढली. फलित अंडी पाण्यातून न नेता ओल्या कापसात ठेवून विमानाने धाडायची. १९७९ साली त्यांनी या प्रयोगाची हकीकत प्रसिद्ध केली. दवाखान्यातला कापूस आणि मुळा-मुठेचा मासा यांची अशी सोयरीक जुळली. लोणावळ्याची पिले आणि अंडी मग देशभर जाऊ लागली. धोक्यात आलेला मासा जिथे मागतील तिथे पोहोचवणे याहून चांगले काम कोणते, अशीच त्या काळात सर्वांची भावना होती, आणि त्यात कोणाचाही स्वार्थ नव्हता.

मागणाऱ्यांत कर्नाटकातली गळ टाकणारी मंडळी होती. कावेरीत महाशिराची निराळीच एक जात. पाठीवर खांद्यापाशी उंचवटा, पर आणि शेपटी नारिंगी, आणि आकार अफाट. १९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातल्या गृहस्थांनी कावेरीच्या काबिनी या उपनदीत पकडलेला मासा १२० पौंड भरला होता, म्हणजे चांगला ५४ किलो. पुढे कावेरी ओस पडली असे सारे समजत होते. पण १९७० च्या दशकाच्या शेवटी काही इंग्रज तरुणांनी तिथे पुन्हा मोठे मासे पकडले, आणि भीमेश्वरी, गालिबोरे इकडे तंबूंच्या वसाहती उभ्या राहिल्या. बंगलोरच्या हौशी लोकांची १९७२ साली स्थापन झालेली एक वन्यजीवसंस्था नदीचा काही भाग राखू लागली. परदेशी पाहुणे आले. वाटाडे हवे होते, ते गावातच मिळाले. काल रात्री सुरुंग टाकून मासे मारणाराच आज वेताची गोल नाव वल्हवू लागला, कारण कोणत्या खडकाआड मासा बसतो हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक होते? नाचणीच्या पिठाचा गोळा आकड्याला लावायचा, मासा लागला की प्रवाहातून नाव त्याच्यामागे न्यायची, वजन करायचे, सोडायचे आणि वहीत लिहायचे.

ती वही महत्त्वाची. गालिबोरेच्या तळावर १९९८ ते २०१२ या काळात वहीत नोंद झाली ती २३,६२० तासांच्या मासेमारीची आणि ६,१६१ महाशिरांची. भागाकार केला तर साधारण चार तासांना एक मासा. सर्वांत मोठा १०४ पौंडांचा. आणि प्रत्येक माशापुढे तो उंचवट्याचा की निळ्या पराचा, हेही लिहिलेले. इंग्लंड आणि केरळमधल्या शास्त्रज्ञांनी या वह्या घेऊन हिशेब मांडला. वरवर पाहता सारे छान होते. तासामागे मासे वाढत चालले होते. एखाद्या खात्याने एवढाच आकडा घेऊन अहवाल लिहिला असता आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली असती. पण दोन जाती वेगळ्या मांडल्यावर दिसले की वाढत होता तो निळ्या पराचा; उंचवट्याचा राजा वर्षावर्षाला कमी होत जवळजवळ दिसेनासा झाला होता. २०१५ साली त्यांनी लिहिले, कावेरीचा हा मासा नष्ट होण्याच्या वाटेवर आहे.

निळ्या पराचा मासा कोण? तीच आमची खडशी. १९७० च्या दशकापासून कावेरीच्या पाण्यात सोडलेली. धरणे, वाळूउपसा, सुरुंग ही कारणे होतीच; त्यांत लोणावळ्याहून आलेल्या पाहुणीने घर व्यापले. तिथे तिला पुरेसे अन्न मिळाले, पिले झाली, आणि तिच्या गर्दीत मूळच्या मालकाला जागा उरली नाही.

यातली सर्वांत खेदाची गोष्ट अशी की या मालकाला नावच नव्हते. शंभर वर्षांहून अधिक काळ ज्याचे फोटो काढले, ज्याचे मुंडके भुसा भरून दिवाणखान्यात टांगले, त्याची शास्त्रीय ओळख कोणी पक्की केलेली नव्हती. नाव नसले की कायद्याच्या आणि धोक्याच्या यादीत घालता येत नाही. अखेर २०१८ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की केरळच्या पांबार नदीतून, म्हणजे कावेरीच्याच एका उपनदीतून, पूर्वी वर्णन झालेला टॉर रेमादेवी तो हाच. मग त्याचे नाव अतिधोक्यातील प्राण्यांत गेले. खडशी मात्र, जी पूर्वी धोक्यातली म्हणून गणली जाई, ती आता जागतिक यादीत किमान चिंतेच्या वर्गात आहे. एक रांगेतून बाहेर पडली, दुसरा तिच्या जागी उभा राहिला.

वही २०१२ साली थांबली. अभयारण्यात गळ टाकणे म्हणजे शिकारच, असा कायद्याचा अर्थ लागला आणि तळावरची मासेमारी बंद झाली. कायद्याच्या दृष्टीने ते चुकले असे म्हणता येणार नाही. हरणाला दगड मारून सोडून देतो म्हणणाऱ्याला आपण तरी अभयारण्यात कुठे घेऊ? माशाला टोचते हेही खरे, आणि ते गोड करून सांगण्यात आम्हाला रस नाही. पण पाहुणे गेले तसे वाटाडे गेले, वाटाड्यांबरोबर नदीकाठची राखण गेली, आणि सुरुंगवाल्यांना रान मोकळे झाले, असे या विषयाच्या अभ्यासकांनी लिहून ठेवले आहे. आम्हाला विचाराल तर बंदी घालणाऱ्याने आधी त्या वाटाड्याच्या हातात दुसरी वही द्यायला हवी होती. गळ काढून घेतला, ते समजले. डोळे का काढून घेतले?

आणि खडशीचे माहेर? ओंकारेश्वराजवळ पुलावर उभे राहून खाली पाहावे. या माशाला काय लागते ते वर सांगितलेच आहे; त्यातले तिथे काय दिसते ते प्रत्येकाने आपल्या नाकाने ठरवावे. ज्या पाण्यातून ती जगाला माहीत झाली ते पाणी शहरात आता तिच्या कामाचे राहिलेले नाही. ती आहे ती वर, घाटमाथ्याच्या तलावांत आणि ओढ्यांत, आणि देवाच्या डोहांत. आणि कावेरीत, जिथे ती नसती तर बरे होते.

आमच्या वाचकांपैकी कोणाच्या घरी मुलाने काठी आणि चाक मागितले असेल, तर नकार देण्याची घाई करू नये. परवाना कुठे लागतो याची चौकशी आधी करावी. देवाच्या डोहावर जाऊ नये. उलट्या टोकाचा आकडा पकडीने दाबून सपाट करून द्यावा. एका पाण्यातला मासा बादलीत घालून दुसऱ्या पाण्यात सोडण्याचे पुण्य मात्र मुळीच करू देऊ नये. आणि एक दोनशेपानी वही द्यावी. तीत रकाने आखायचे: तारीख, जागा, पाणी गढूळ की नितळ, गळ पाण्यात किती तास, कोणता मासा, किती वजनाचा. मासा लागला नाही त्या दिवशीही तास लिहायचेच. मुले नेमका तो दिवस गाळतात, आणि मग भागाकार चुकतो.